स्लॅबवरची हळद

माझ्या नवऱ्याला हिंगोलीतले लोक आयुष्यभर इंजिनियर म्हणत आले. ते आर्किटेक्ट आहेत. सुरुवातीला ते आलेल्या प्रत्येकाला समजावून सांगत, "इंजिनियर इमारत पडू देत न्हाई. माणसं तिथं कशी येतील, कुठं बसतील, उजेड कुठून येईल, ते मी बघतो." समोरचा माणूस मान डोलवायचा, चहा संपवायचा आणि उठताना म्हणायचा, "बराबर हाय. येतो मग, इंजिनियर साहेब." मी पडद्याआड तोंडाला पदर लावून हसायची.

मी चौथी शिकलेली. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती आणि पुढच्या शाळेसाठी हट्ट्याला चालत जावं लागे, तेवढं मला कुणी पाठवलं नाही. लग्न झालं तेव्हा हे औरंगाबादला शिकत होते. सासऱ्यांना वाटायचं, पोरगा मास्तर होईल. नकाशे काढायचंही शिक्षण असतं हे आमच्या दोन्ही घरांत कुणाला ठाऊक नव्हतं. सासूबाई शेजारणींना सांगत, "चित्रं काढायला शिकून राहिला."

पहिली इमारत त्यांनी आमच्याच वस्तीतल्या विहाराची केली. मग नगरपालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या यादीवर त्यांचं नाव लागलं. बसथांब्याचा निवारा, मटण मार्केट, पंचायत समितीचं सभागृह, दवाखान्यातला बाळंतिणींचा वॉर्ड. मोठ्या शहरातल्या माणसाला ही कामं किरकोळ वाटतील. पण तालुक्याच्या गावाला जाताना बसच्या खिडकीतून ते मला बोट करून काही दाखवत नसत, आणि तरी मला कळायचं की आता त्यांची इमारत येणार, कारण त्याआधीच ते सरळ होऊन बसायचे.

त्यांची कामाची एक रीत होती. नवीन काम आलं की कागदाला हात लावायच्या आधी ते त्या जागेवर पूर्ण एक दिवस नुसते बसून राहायचे. सकाळी डबा घेऊन जायचे, दिवस मावळला की परत. मटण मार्केटच्या वेळी तर तीन दिवस बसले. घरी आले की शर्टाला वास यायचा आणि सासूबाई म्हणायच्या, "कापायला बसला व्हतास की बघायला?" पण तिथं बसल्यावर त्यांना दिसलं की खाटीक पाणी रस्त्याकडे ओततात आणि बायका चिखलात उभ्या राहून पिशवी पुढे करतात. म्हणून त्यांनी ओटे उंच घेतले आणि पाणी मागच्या नालीला काढलं. बाळंतिणींच्या वॉर्डात त्यांनी पाहिलं की प्रत्येक खाटेखाली एक सासू नाहीतर आई चादर टाकून झोपलेली असते. कुणाच्याही नकाशात ती बाई नव्हती. त्यांनी प्रत्येक खाटेजवळ एक बुटका कट्टा दिला. त्या कट्ट्याबद्दल आजही अनोळखी बायका मला रस्त्यात सांगतात, आणि मी मान हलवून पुढं जाते. माणसांत तोंड उघडायला मला भीती वाटते. लहानपणापासून तसं आहे.

काही वर्षांपूर्वी त्यांच्याकडे माझ्याच माहेरचं काम आलं. खाली ग्रामपंचायत, वर गावातल्या पोरापोरींसाठी वाचनालय. मला फार आनंद झाला. हे नेहमीप्रमाणे डबा घेऊन एक दिवस बसायला गेले.

पण तिथं ते जावई होते. सकाळी एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसले, तर थोड्या वेळात माझा धाकटा भाऊ धावत आला.

"दाजी! रस्त्यावर काहून बसले?"

"काम करून राहिलो."

"बसणं हे काम हाय व्हय? चला घरी. लोकं म्हणतील, बहिणीच्या मालकाला दारात बसवलं, घरात घेतलं न्हाई."

घरी नेलं, गादी टाकली, भावजयीनं मटण केलं. जेवून ते पुन्हा निघाले, तर वाटेत चुलत्यानं धरलं, तिथं चहा आणि पोहे. पुन्हा पंधरा दिवसांनी गेले. तेव्हा पुरणाच्या पोळ्या. तिसऱ्यांदा गेले तेव्हा भावानं आधीच दोन पोरं वेशीवर उभी करून ठेवली होती. परत आल्यावर हे मला म्हणाले, "तुझ्या माहेरी मला गाव दिसतच न्हाई. नुसतं ताट दिसतं." आणि मग त्यांनी कधी केलं नव्हतं ते केलं. न बसता, अंदाजानं नकाशा काढला. वाचायला येणाऱ्यांचा खालच्या कार्यालयाला त्रास नको, म्हणून जिना बाहेरून दिला आणि तोच पुढे वर स्लॅबवर नेला. स्लॅब सपाट, चांगला कठड्याचा, कोपऱ्यांकडे किंचित उतार आणि चार कोपऱ्यांत पाणी जायला चार पाइप.

इमारत सुंदर झाली. वाचनालयाची आणि जिन्याच्या फाटकाची किल्ली गावानं माझ्या भावाकडे दिली.

दुसऱ्या वर्षी हळद निघाली तेव्हा मी मदतीला माहेरी गेले. आमच्याकडे हळद म्हणजे घरातल्या सगळ्यांचे हात पिवळे. काढायची, शिजवायची, मग दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवायची. वाळवायला जागा हीच दरवर्षीची तकलीफ. अंगणात कोंबड्या, खळ्यात माती, रस्त्यावर गाड्या. भावजय म्हणाली, "आक्का, वर चला. काय जागा हाय! दाजींनी जशी काय आपल्यासाठीच केली."

खरंच तशी जागा मी कधी पाहिली नव्हती. स्वच्छ, चहूबाजूंनी वारा, शेळी येणार नाही, कुत्रं येणार नाही. आम्ही दोघींनी शिजवलेली हळद वर नेऊन पसरली. एकच अडचण. पायानं हलवली की गोल हळकुंडं गडगडत कोपऱ्यात जायची आणि पाइपातून खाली पडायची. खाली भावाचा नातू टोपलं घेऊन गोळा करायचा, तो कंटाळला.

तेव्हा मी म्हटलं, "चिंध्या कोंबू या पाइपाच्या तोंडात."

ती अक्कल माझी. भावजयीची नाही. माझंच एक जुनं लुगडं मी टराटरा फाडलं, चार बोळे केले आणि खराट्याच्या दांड्यानं ठासून बसवले. माझं काम पक्कं असतं असं सगळे म्हणतात.

आठव्या दिवशी हिंगोलीहून फोन आला, नातीला ताप होता. मी हळद तशीच टाकून निघाले.

पावसाळा लागला. भाद्रपदात एका सकाळी यांना जिल्ह्याच्या कार्यालयातून फोन आला. माझ्या माहेरच्या वाचनालयाचं छत गळतंय आणि प्लास्टरचा एक मोठा तुकडा वाचायच्या टेबलावर पडलाय. तुकडा पडला तो दिवस रविवार होता म्हणून तिथं कुणी नव्हतं. गावानं तक्रार केली होती आणि कंत्राटदारानं लिहून दिलं होतं की बांधकाम नकाशाप्रमाणे आहे, नकाशाच चुकला आहे. चौकशीला तिघांची समिती येणार. चूक यांची ठरली तर यादीवरून नाव जाणार.

हे टेबलाशी बसले आणि त्या इमारतीचे कागद काढले. मी दारात मेथी निवडत होते.

"टाचा बुडतील एवढं पाणी उभं हाय म्हणे स्लॅबवर," ते म्हणाले. "चार पाइप असून. म्हणजे उतार कमी पडला. नाहीतर पाइप कमी पडले. सहा द्यायला पायजे होते."

माझा हात मेथीतच राहिला.

ते मला सांगत नव्हते, स्वतःलाच सांगत होते. त्यानंतर ते तेच करत राहिले. मोजायचे, पुन्हा मोजायचे. ताट पुढं ठेवलं तर एक भाकरी कुस्करून उठायचे. मुलगा म्हणाला, "बाबा, एवढ्या इमारती केल्या, एखादी गळली तर काय झालं?" त्यावर त्यांनी मुलाकडे असं बघितलं की तो उठून बाहेर गेला. एकदा मला म्हणाले, "दवाखान्याच्या वॉर्डाचाही उतार मी असाच काढला होता. तिथं बाळं झोपलेली असतात." तीस वर्षांच्या सगळ्या इमारती त्यांना एकदम गळक्या दिसायला लागल्या होत्या.

मी भावजयीला फोन केला.

"पाइपातल्या चिंध्या काढल्या व्हत्या का गं?"

पलीकडे ती कोंबड्या हाकलत होती. मग ती म्हणाली, "आक्का, तुमी न्हाई काढल्या?"

"मी तर अर्ध्यातून निघून आले."

"मला वाटलं जाताना काढल्या. तुमचं काम नेटकं असतंय."

"वर जाऊन बघ."

तिनं जाऊन बघितलं आणि सांगितलं की पाइपांची तोंडं मोकळी आहेत, आत काहीच दिसत नाही. कंत्राटदाराच्या माणसानंही काडी घालून बघितली होती म्हणे. मला हायसं वाटलं, पण ते दुपारपर्यंतच टिकलं. चिंध्या कुणी काढल्या नाहीत, तर त्या गेल्या कुठं? पाण्यानं आत ढकलल्या असणार. पाइप भिंतीत वळतो तिथं जाऊन बसल्या असणार. नकाशात ते वळण मी टेबल पुसताना कितीदा पाहिलं होतं.

पुन्हा फोन केला तर भावजय रडकुंडीला आली. "आक्का, पाया पडते, गप राहा. किल्ली यांच्याकडं हाय. गाव आधीच म्हणून राहिलं, जावयाचा स्लॅब अन् मेव्हण्याची हळद. आता हे कळलं तर यांना चावडीवर उभं करतील."

एका बाजूला भाऊ, एका बाजूला हे. आणि मधे मी, जिला गिरणीवाल्याला 'दळण झालं का' एवढं विचारायलाही मुलाला पुढं करावं लागतं. आठ दिवस मी काही बोलले नाही. त्याची लाज अजून जात नाही.

समितीच्या दिवशी मी म्हटलं, "मी पण येते. भावजयीला भेटते." हे म्हणाले, "ये. मी बदनाम होईन, तू माहेर करून ये." गाडीत मी तीनदा सुरुवात केली.

"अहो."

"काय?"

"पाणी पिता का?"

दुसऱ्यांदा खिडकी लावू का विचारलं. तिसऱ्यांदा तेच म्हणाले, "तुला काही होतंय का? उलटी येऊन राहिली का?" मी नाही म्हटलं आणि तेवढ्यात गाव आलं.

समितीत एक पिकल्या केसांचे अधिकारी, एक माप घेणारे गृहस्थ आणि एक तरुण इंजिनियर पोरगी होती. सगळे वर स्लॅबवर गेले. मी भावाच्या घरी गेले, घर समोरच आहे. भावजयीनं वर द्यायला चहा केला आणि ट्रे उचलायला लागली. मी तिच्या हातातून तो घेतला. तिनं माझा पदर धरला. "आक्का," एवढंच म्हणाली.

ट्रे घेऊन मी जिना चढले. वर खरंच पाणी होतं, आभाळ दिसत होतं त्यात. सगळ्यांनी पँटी गुडघ्यापर्यंत वळवल्या होत्या. कंत्राटदार बोलत होता, "आमी नकाशाबरहुकूम केलं साहेब. नकाशातच खोट असंल तर आमी काय करावं?"

अधिकाऱ्यांनी यांना विचारलं, "उतार किती दिला होता?"

यांनी सांगितलं. मग म्हणाले, "कमी पडला असेल. चूक माझी असू शकते. तसं लिहा."

त्यांचा आवाज मी ओळखला नाही. अशा आवाजात ते कधी बोलत नसत.

"चूक यांची न्हाई," मी म्हटलं.

कुणी ऐकलंच नाही. फक्त ती पोरगी जवळ होती, ती वळली. "काकू, काय म्हणालात?"

"पाइपात लुगडं हाय."

"काय हाय?"

"लुगडं. माझं. चारी पाइपांत. मीच कोंबलं."

आता सगळे वळले. ट्रे माझ्या हातात होता, त्याच्याआड तोंड लपवता येत नव्हतं. कंत्राटदार म्हणाला, "लुगडं?" जसं काही त्यानं तो शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

"कशासाठी?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हळद वाळत घातली व्हती. हळकुंडं खाली जात व्हती."

मागून भावानं कपाळावर हात मारला. "आक्का!"

मी यांच्याकडे बघितलंच नाही. त्या पोरीनं माझ्या हातून ट्रे घेतला, कठड्यावर ठेवला आणि विचारलं, "बोळा केवढा होता?" मी मूठ दाखवली. "मग वळणावर अडकला असेल. सळई आणा, टोक वाकवून." भाऊ पळाला. कंत्राटदारानंच सळई वाकवली, मनात नसताना. पहिल्या कोपऱ्यात ती बरीच आत गेली, अडली, दोघांनी मिळून ओढली. आणि काळा चिखल, पानं आणि त्यात माझ्या लुगड्याचा काठ, असं सगळं बाहेर आलं. बोळ्याच्या आतली घडी अजून पिवळीजर्द होती.

खाली धो धो पाणी पडायचा आवाज आला आणि पाठोपाठ भावजयीची किंकाळी. ती वर काय चाललंय ते ऐकायला नेमकी त्याच पाइपाखाली येऊन उभी राहिली होती.

"कोण मेलं पाणी सोडून राहिलं!"

"तुझी ननंद," भाऊ वरून ओरडला.

आधी ती पोरगी हसली, मग माप घेणारे, मग अधिकारीसुद्धा. चारही बोळे निघाले. मग आम्ही सगळे उभे राहून पाणी जाताना बघत होतो. ते मधोमध कुठंही थांबलं नाही. चार वाटा करून चारी कोपऱ्यांकडे गेलं आणि चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात स्लॅब रिकामा झाला. हे गुडघ्यावर बसून ओल्या सिमेंटवर तळहात फिरवत होते. पोरीनं यंत्र लावून बघितलं आणि म्हणाली, "सर, उतार बराबर हाय. उलट थोडा जास्तच दिलाय तुमी."

अधिकाऱ्यांनी भावाला झापलं. सरकारी इमारतीवर हळद, लाज वाटत नाही का, आता ताकीद मिळेल लेखी. भाऊ हात जोडून उभा. सगळं बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "पण वाळते का हो इथं चांगली?" भाऊ म्हणाला, "साहेब, आठ दिवसांत कडक. रंग बघा एकदा." अहवालात त्यांनी लिहिलं की पाणी जायचे मार्ग बुजले होते, नकाशात दोष नाही, पाइपांना जाळ्या बसवाव्यात. किल्ली भावाकडेच राहिली.

परतताना गाव मागं पडेपर्यंत हे समोर बघून गाडी चालवत होते. मी पदराचं टोक पिळत बसले होते. मग त्यांनी गाडी एका बाभळीखाली घेतली, स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"आठ दिवस मी उतार मोजून राहिलो," ते म्हणाले, "अन् तू शेजारी मेथी निवडून राहिलीस."

"चुकलं माझं."

"तुझं चुकलंच. आठ दिवस न जेवता काढले मी." मग म्हणाले, "पण हळदीच्या गावात एवढी सपाट जागा केली, वर जायला बाहेरून जिना दिला. मग बाया वर काय पुस्तकं वाचायला जातील व्हय? हे मला कळायला पायजे होतं. मला तिथं कुणी बसू दिलं न्हाई हे खरं, पण त्या गावची बाई तर रोज माझं टेबल पुसून राहिली होती. तिला तरी विचारायचं."

त्यांनी डोळे पुसले.

"दुसऱ्या कुठल्या इमारतीत काय कोंबलं असशील तर आत्ताच सांग."

"कोंबलं न्हाई कुठं," मी म्हटलं. आणि मग का कोण जाणे, थांबता आलं नाही. "पण तो बसथांबा केला न तुमी, तिथली बाकडी उंच हायत. माझे पाय टेकत न्हाईत. मांडीवर लेकरू असलं की बाई घसरते."

ते माझ्याकडे वळले. "कधीपासून माहीत हाय तुला?"

"उद्घाटनाच्या दिवसापासून."

पुढं औंढ्याजवळ ते म्हणाले, भूक लागली. रस्त्याकडेच्या हॉटेलात दोघांना एकेक प्लेट भजी मागवली, आपली संपवली, अजून एक मागवली. भज्यांतली मिरची लागली म्हणून नाक पुसत होते आणि खात होते. इतक्या दिवसांत त्यांना मी पहिल्यांदा जेवताना बघत होते, म्हणून मी माझ्या प्लेटला हात लावला नाही. ते म्हणाले, "खा की. आता काय टेन्शन हाय?" मग मी पण खाल्ली.

गाडीत बसल्यावर पट्टा लावायच्या आधी ते म्हणाले, "हं. त्या बाकड्याचं सांगत होतीस. अजून काय काय हाय?"

मी हिंगोली येईपर्यंत बोलत राहिले.